चौदा पाट

टेकडीची माती खाली आली तेव्हा मी वर्गात होते आणि भयंकर खुशीत होते. मृणालिनी टीचरनी फळ्यावर लिनिअर प्रोग्रॅमिंगचं गणित घातलं होतं. एक कारखाना खुर्च्या आणि टेबलं करतो, लाकूड इतकंच आहे, सुताराचे तास इतकेच आहेत, तर कशाचे किती नग करावेत म्हणजे फायदा जास्तीत जास्त होईल. आख्ख्या बारावी कॉमर्समध्ये ते एकट्या मला सुटलं. मला, जया गुणाजी मेस्त्रीला, जिला वर्षभरापूर्वी इंग्रजी प्रश्न तीनदा वाचूनही खुर्च्या कोण करतंय तेच कळत नव्हतं! टीचरनी खडू माझ्या हातात दिला. मी अटींच्या दोन रेषा काढल्या, रेषांच्या आत उरलेला तुकडा तिरप्या रेघांनी भरला, त्याचे कोपरे एकेक करून तपासले. उत्तर कोपऱ्यात सापडलं. ते नेहमी कोपऱ्यातच सापडतं. मला हे इतकं आवडलं की भटवाडीचा चढ मी जवळजवळ पळत चढले.

वर पोचले तर आमच्या मूर्तींच्या मांडवाची मागची बाजू नव्हतीच.

टेकडीची ओली माती सरकून थेट आत आली होती. मागचे बांबू मोडले होते, ताडपत्री चिखलाखाली गेली होती आणि मूर्ती सुकवायच्या निम्म्या फळ्या मातीत रुतून बसल्या होत्या. बाबा गुडघाभर चिखलात उभे राहून घमेल्याने माती उपसत होते. दोन घमेली झाली की थांबायचे आणि छातीवर हात ठेवायचे. गिरणीत कापसाची धूळ खाल्लेली छाती ती. संपाला चार वर्षं झाली, गिरणी सुटली, पण खोकला घरी आला.

"माणूस गेला नाय, ह्या काय कमी झाला?" आई म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत चिखल होता. "दप्तर ठेव आणि घमेला धर."

दप्तर ठेवलं. घमेलं धरलं. खुशी तिथेच चिखलात गेली.

गावी आमच्या घराण्याचं काम गणपती करायचं. बाबा गिरणीत होते तेव्हा श्रावणात रजा काढून हौसेने पाच-दहा मूर्ती करायचे. आता तेच पोट. आमच्या कोकणातल्या लोकांत घरचा गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. आपला लाकडी पाट मेस्त्र्याकडे नेऊन ठेवायचा, त्या पाटावरच शाडूची मूर्ती घडते आणि चतुर्थीला पाटासकट घरी जाते. असे चौतीस पाट त्या वर्षी आमच्याकडे आले होते, सगळे या टेकडीवरचेच. शिवाय स्टेशनजवळ दुकान असलेल्या चंद्रप्रकाश शेठने पहिल्यांदाच बाबांना काम दिलं होतं. प्लास्टरच्या चाळीस मूर्ती, साचे त्याचेच. "ये साल ठीक किया मेस्त्री, तो अगले साल से बारा महिना काम," असं तो म्हणून गेला होता. बारा महिने काम! बाबा ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायचे. कुणी नसलं तर मूर्तीला सांगायचे.

आणि आता फळ्या निम्म्या. माती काढून, बांबू ठोकून, उरलेली ताडपत्री ताणून जेवढ्या जागा झाल्या त्या मी मोजल्या. चाळीस.

"होतलां, होतलां," बाबा म्हणाले. पण ते फळीकडे बघून म्हणत नव्हते, जमिनीकडे बघून म्हणत होते.

*

रविवारी सकाळी मी ग्राफपेपर घेऊन बाबांसमोर बसले. बाबा शाडू मळत होते. पाऊस ताडपत्रीवर असा वाजत होता की मला ओरडून बोलावं लागत होतं, पण मला तसंही ओरडूनच बोलायचं होतं.

"बाबा, शाडूची मूर्ती फळीवर किती दिवस बसते?"

"ह्या दमट हवेत? पंधरा दिवस तरी सुकाक लागतले."

"आणि प्लास्टरची?"

"ती आठवड्यात उठता. तिच्या जागेर दुसरी बसता."

"म्हणजे शाडूची एक सुकते तेवढ्यात प्लास्टरच्या दोन होतात. पंधरा दिवसांत चाळीस जागांवर प्लास्टरच्या ऐंशी, नाहीतर शाडूच्या चाळीस. झकास. आणि डोळे?"

मूर्तीचं अंग आई रंगवायची, पितांबर मी रंगवायचे, पण डोळे फक्त बाबा काढायचे. डोळा काढताना श्वास रोखावा लागतो. ब्रशचं टोक टेकलं की ते उचलेपर्यंत छाती हलता कामा नये. मी एकदा फुटक्या मूर्तीवर काढून बघितले होते. देव तिरळा झाला, आणि आईने मला आठवडाभर त्या मूर्तीच्या नावाने हाक मारली.

"डोळे शाडूक काय नि प्लास्टरक काय, सारखेच," बाबा म्हणाले. "चतुर्थीपर्यंत साठ काढीन. त्याच्या म्होरा ह्यो खोकलो काढूक देवचो नाय."

झालं! दोन अटी मिळाल्या. शाडूच्या मूर्तींना एक्स म्हटलं, प्लास्टरच्यांना वाय. फळ्यांची एक रेषा, डोळ्यांची एक रेषा. कशात किती सुटतं ते आईने सांगितलं, शाडूत तीन तर प्लास्टरमध्ये दोन, असं धरून चाल म्हणाली. मी रेषा काढल्या, तुकडा भरला, कोपरे तपासले. एक कोपरा नुसत्या शाडूचा, एक नुसत्या प्लास्टरचा, आणि मधला, दोन्ही रेषा जिथे एकमेकींना कापत होत्या तो. तोच सगळ्यात चांगला निघाला. शाडूच्या वीस आणि प्लास्टरच्या चाळीस.

"चाळीस!" मी किंचाळले. "बाबा, शेठचे चाळीस! बरोब्बर तेवढेच! फळी एक रिकामी नाही, डोळा एक कमी नाही!"

बाबांनी मातीचे हात मांडीला पुसले आणि ग्राफ बोटाने न शिवता लांबूनच बघितला. "ह्या कागदात ऱ्हवता सगळा?"

"सगळं."

"नि पाट चौतीस आसत, त्येंचा काय?"

"चौदा परत करायचे. शेवटी आलेले चौदा. त्यांना सांगायचं, यंदा माती आली, मांडव गेला, दुसरीकडून घ्या."

बाबा आईकडे बघायला लागले. मला वाटलं, आता आई आडवी येणार. पण आई पितळेच्या वाटीत रंग ढवळत म्हणाली, "मुंबईत आता अर्धी लोका रेडिमेडच घेतत. घेतीत परत. शेठाचा काम ऱ्हवला तर बरा होतला. धूर-धुळीत परत जाऊक नको तुमका."

"गणितात आसा तर करूया," बाबा म्हणाले.

माझ्या बाबांनी माझं ऐकलं! त्या दिवशी मला वाटलं, टीचरना जाऊन सांगावं, तुमच्या त्या खुर्च्याटेबलवाल्याला माझ्याकडे पाठवून द्या.

*

पाट परत करायला मी गेले. बाबांना चढ झेपत नाही आणि आईला रंगकाम सोडता येत नव्हतं. दोन पाट प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून डोक्यावर घेतले, बाकीचे नंतर नेऊ म्हटलं. पाट जुने, जड. प्रत्येकाच्या खाली तेलरंगात घरच्या माणसाचं नाव, वर हळदीकुंकवाचे पुसट डाग. पाणी पायऱ्यांवरून ओढ्यासारखं येत होतं आणि माझी एक चप्पल दर चार पावलांना मागे राहत होती.

पहिलं घर काशीराम तात्यांचं. बीएसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. दारात मला बघून हसले, "ये गो, ये," म्हणाले, आणि मग डोक्यावरचा पाट दिसल्यावर हसू जिथल्या तिथे थांबलं.

"ह्यो आमचो?"

"हो तात्या. यंदा ना, मांडवात माती आली, म्हणून—"

"उंबऱ्यार ठेव नको!" ते एकदम ओरडले. मी पाट उंबऱ्याला टेकवणार होते. "तकडे... नाय, तकडेव नको. हातातच धर."

आतून काकी आल्या. पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. तात्या हळू आवाजात म्हणाले, "चतुर्थीच्या आधी मोकळो पाट घराक येता, तो सुतकात. घरात कोण गेला तर मेस्त्री पाट परत धाडता. तू माका काय सांगूक इलंस, जये?"

"तसं काही नाही तात्या, फळ्या कमी आहेत फक्त—"

"घेऊन जा." दार लोटलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी दोन्ही पाट परत डोक्यावर घेतले. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. ही अट मला कुणी सांगितली नव्हती! आईला माहीत नव्हती का? तर तिला माहीत होती, बाबांनाही माहीत होती. पण दोघांनाही वाटलं होतं की मुंबईत ती कुणी पाळत नसेल, कारण संपानंतर आमचं आम्हीच किती काय काय पाळायचं सोडून दिलं होतं.

दुसरं घर सुगंधाकाकूंचं, टेकडीच्या अगदी वर. काकू म्हणजे फटाकडी. मुलगा एअर-कंडिशनर दुरुस्त करतो आणि त्या दिवसभर सगळ्या टेकडीला दुरुस्त करतात. मी पोचले तेव्हा केसांतून पाणी गळत होतं.

"काय गो, कॉलेजवाली! आमचो पाट डोक्यार घेऊन वरात काढलंस?"

मी सांगितलं. या वेळी एका दमात सांगितलं, माती, फळ्या, शेठ, साठ डोळे, वीस, चाळीस, सगळं.

"म्हणजे शेठाचे चाळीस व्हतले आणि आमचो एक व्हवचो नाय."

"काकू, गणितच तसं येतंय. मी काय करू?"

"गणितात आमचो पाट मोकळो धाडतात, तर तुमच्या गणिताक घाला चुलीत! दीड दिवसाचो गणपती आमचो. गेल्या वर्षी ह्या पाटार बसून गेलो तो, येताना पाट विसर्जनाची वाळू घेऊन इलो. आता मोकळो कसो इतलो? शेजारी इचारतीत, सुगंधाकडे कोण मेला. काय सांगू? फळी मेली म्हणान सांगू?"

"मग काय भरलेला आणून देऊ?" मी ओरडले. खरंच ओरडले. मान दुखत होती, नाकातून पाणी येत होतं. "ओला, बिनरंगाचा, बिनडोळ्यांचा? ठेवाल घरात?"

काकूंनी कमरेवर हात ठेवले.

"हाड."

"खरंच आणू?"

"ओलो हाड. डोळे नाय तंवर ती मातीच ना? माती घरात ठेवूक माका भय कसला? माझ्या कपाटार जागा आसा. पंखो लावतंय. मोकळो पाट तेवढो घेवचंय नाय, मी मेलंय तरी नाय. समाजला?"

मी पाट खाली ठेवला. या वेळी कुणी अडवलं नाही. फक्त पायाने प्लास्टिक सरकवून पाटाखाली घातलं, जमिनीला टेकू नये म्हणून. मग आत जाऊन टॉवेल आणला आणि माझ्या डोक्यावर फेकला.

*

दोन्ही पाट घेऊन घरी आले आणि ग्राफ परत काढला. चौदा मूर्ती चौदा घरांत सुकणार, म्हणजे आमच्या फळ्यांवर वीसच. फळ्यांची अट सुटली! मी नाचणारच होते. मग दुसरी रेषा बघितली. डोळे. चौतीस आणि चाळीस, चौऱ्याहत्तर. बाबा साठच काढू शकत होते. आता वाय सव्वीसच्या वर जात नव्हता. एका अटीची शेपटी सोडवली तर दुसरी नरडं धरत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये गेले. मृणालिनी टीचर डबा खात होत्या.

"टीचर, एखादी अट नंतर कळली तर?"

"नंतर म्हणजे?"

"म्हणजे उत्तर काढून झाल्यावर."

"असं होत नाही. सगळ्या अटी प्रश्नात दिलेल्या असतात."

"आणि दिलेल्या नसल्या तर?"

टीचर विचार करायला लागल्या. चांगल्या आहेत त्या, चिडत नाहीत. "मग तो प्रश्न चुकीचा. बोर्डात कळवतात, सगळ्यांना मार्क देतात. पण जया, परीक्षेत असं येत नाही. तू कशाला टेन्शन घेतेस? तुझं तर पक्कं झालंय."

मी "हो टीचर" म्हणून बाहेर आले आणि जिन्याच्या कठड्याला लाथ मारली. अंगठा सुजला. तो आठवडाभर दुखला, त्यामुळे पाट वाहताना शिव्यांना एक निमित्त मिळालं.

कारण वाहायचे होतेच. माती चार दिवस आखडू दिली की मूर्ती हलवता येते, असं बाबांनी सांगितलं. मग मूर्ती पाटासकट दोघांनी धरायची, एकाने पुढे, एकाने मागे, वर प्लास्टिक. पुढे आई, मागे मी. चढावर सगळं वजन मागच्या माणसावर येतं. सोंडेला धक्का लागू नये म्हणून मी हनुवटी वर करून चालायचे आणि पाऊस सरळ डोळ्यांत यायचा. काशीराम तात्यांच्या घरी तिसऱ्या मूर्तीला पोचलो. तात्यांनी दार पूर्ण उघडलं, काकींनी पाटाखाली तांदूळ टाकले. तात्या फक्त म्हणाले, "ह्येंका पुसूक काय तरी दी गो, पोर भिजला." एका घरी मूर्ती शिवणयंत्रावर बसली, एका घरी रेडिओच्या फळीवर, एका घरी पाळणा बाजूला काढून पाळण्याच्या जागी. कुणीही नाही म्हटलं नाही. मला तेही चिडवून गेलं. हे इतकं सोपं होतं तर मला ते आधी का नाही सुचलं?

*

चंद्रप्रकाश शेठ बुधवारी आला. छत्री आत येऊन झटकली तीच आमच्या मूर्तींवर. बाबा उठून उभे राहिले. बाबा त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे असतील.

"कितना हुआ मेस्त्री?"

"चौदा झाली. बाकीची सव्वीसपर्यंत होतील," बाबा शुद्ध मराठीत म्हणाले. शेठसमोर ते मालवणी बोलत नाहीत.

"सव्वीस? चालीस बोला था."

"शेठ, मी समजावते," मी पुढे झाले. "डोळे फक्त बाबा काढतात. साठ होतात. त्यातले चौतीस पाटाचे. म्हणून सव्वीस. त्याच्यावर एक पण नाही, पण सव्वीस पक्के, एकदम पक्के."

शेठने माझ्याकडे न बघता बाबांना विचारलं, "ये कौन? मुनीम रखा क्या?" आणि हसला. मग फळीवरच्या एका शाडूच्या मूर्तीच्या पोटात अंगठा दाबला. ती ओली होती. अंगठ्याचा ठसा उमटला. "ये गीली मिट्टी के पीछे तू मेरा माल रोकता है? इन लोगों का हाथ जोड़ दे ना. दुकान से ले लेंगे सब. मेरे पास से ही ले लेंगे."

बाबा म्हणाले, "पाट घेतलेत."

"तो?"

बाबा त्या ठशाकडे बघायला लागले. आई आतून बाहेर आली. आणि मी, जिला फळ्यावर सगळं सांगता येतं, मी तोंड उघडलं तर एवढंच निघालं, "रिकामा पाट घेत नाहीत ते."

"चालीस मतलब चालीस. नहीं तो मैं साचा उठाता हूँ."

बाबांनी कोपऱ्यातल्या साच्यांकडे बघितलं. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ते आता हात जोडतील असं मला वाटलं, आणि जोडू नयेत असं वाटत होतं, आणि जोडावेत असंही वाटत होतं. बारा महिने काम! बाबांना खोकला आला. तो थांबेपर्यंत शेठ छत्रीच्या टोकाने जमिनीवर टकटक करत उभा राहिला. खोकला थांबल्यावर बाबा खाली वाकले, एक साचा उचलला, त्याचं आतलं प्लास्टर अंगठ्याने खरवडून साफ केलं आणि शेठच्या हातगाडीवर नेऊन ठेवला. मग दुसरा. साफ केल्याशिवाय एकही दिला नाही. झालेल्या चौदा मूर्तीही शेठ घेऊन गेला, डोळ्यांशिवाय. डोळे दुसरा काढेल म्हणाला.

गाडी गेल्यावर मी ओरडले, "निदान बोलायचं तरी काहीतरी! त्याला एक शब्द नाही बोललात!"

बाबांनी बोटं पाण्यात बुडवली आणि त्या मूर्तीच्या पोटावरचा अंगठ्याचा ठसा गोल गोल फिरवून पुसायला घेतला.

"तू बोललंस ना," ते म्हणाले. "बरोबर बोललंस. सव्वीसच व्हते."

मला याचं काही समाधान वाटलं नाही. मी सांगते, अजिबात नाही. बरोबर उत्तराचं काय लोणचं घालायचंय? ग्राफवर शेठ नव्हताच. वाय आता शून्य झाला आणि पुढचं वर्ष परत तसंच, कुठे मिळेल ते.

*

आमच्याकडचे वीस गणपती चतुर्थीच्या आधी दोन दिवस पुरे झाले. उरले टेकडीवरचे चौदा. आई आणि मी घराघरांत जाऊन अंग रंगवून आलो होतो. डोळ्यांची जागा तेवढी पांढरी. साठची अट बाबांनी मांडवात बसून धरली होती. चढण्याची अट धरलीच नव्हती. मीही नव्हती धरली.

मी रंगाचा डबा घेऊन बाबांच्या मागे. घरात शिरलं की बाबा आधी भिंतीला टेकून बसायचे. घरची माणसं चहा आणायची, तो गार व्हायचा. छाती वरखाली, वरखाली, सगळे बघत असायचे. मग कधीतरी ती थांबायची, बाबा ब्रश उचलायचे, आणि मी माझाही श्वास रोखून धरायचे, जसा काही त्याचा उपयोग होणार होता. एक डोळा. थांबायचं. दुसरा डोळा. की लगेच मूर्तीच्या तोंडावर कपडा टाकायचा आणि पुढचं घर.

पहिल्या दिवशी आठ झाले. दुसऱ्या दिवशी, हरतालिकेच्या दुपारपर्यंत, पाच. राहिलं एक, सुगंधाकाकूंचं, सगळ्यात वर.

नळाच्या कट्ट्यापर्यंत आलो आणि बाबा बसले. कट्ट्यापासून वर अजून अख्खी चढण होती. हंड्यांची रांग लागली होती, नळ अजून आला नव्हता. बायकांनी कट्ट्यावर जागा करून दिली.

"थोडा थांबतंय," बाबा म्हणाले.

थांबलो. शिट्टीसारखा आवाज येत होता त्यांच्या छातीतून. ते उठले, चार पायऱ्या चढले, कठडा धरला, आणि परत खाली येऊन बसले. माझ्याकडे बघेनात.

"बाबा, मी धरते तुम्हाला."

"धरून श्वास येता काय?" ते म्हणाले. मग हळूच, "जा. सांग तिका, मेस्त्र्याक जमाक नाय. दुसऱ्या कोणाक..." वाक्य पुरं झालं नाही. दुसरा कोण? उद्या सकाळी चतुर्थी.

मी चढले. सुगंधाकाकू दारातच होत्या, रांगोळी झाली होती, कपाटावर गणपती पांढऱ्या डोळ्यांनी बसला होता. मी सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या. मी तयार होते, मला तर हव्याच होत्या, माझ्या डोक्यातच त्या दोन आठवडे साठल्या होत्या.

काकूंनी मुलाला हाक मारली. "चल रे. फुडसून धर."

"काकू, सुकलेली मूर्ती आहे, पायऱ्या निसरड्या आहेत, पडली तर—"

"तू गप. छत्री धर."

त्यांनी गणपतीच्या तोंडावर नवा रुमाल टाकला. मुलगा पुढे, काकू मागे, आणि मी बाजूने छत्री धरून, अर्धी पायरीवर, अर्धी गटारात. वाटेत घरांची दारं उघडत होती, लोक हात जोडत होते. काकू एकेकावर ओरडत होत्या, "बाजूक व्हा! वरात नाय ही! बाजूक!"

बाबांनी आम्हाला येताना बघितलं आणि कट्ट्यावरून उठायचा प्रयत्न केला.

"बसून ऱ्हव मेस्त्री," काकू म्हणाल्या. "उठा नको."

हंडे बाजूला सरले. पाट बाबांच्या समोर कट्ट्यावर ठेवला. मी छत्री वर धरली, आणखी दोघींनी आपल्या छत्र्या जोडल्या. बाबांनी रुमाल काढला. बराच वेळ ते नुसतेच बसून राहिले, ब्रश हातात, छातीची शिट्टी चालू. या नळावर अशी शांतता मी जन्मात पाहिली नव्हती. मग शिट्टी बारीक झाली, आणखी बारीक झाली. बाबांनी ब्रश टेकवला.

एक डोळा झाला.

तेवढ्यात नळाने खाकरल्यासारखा आवाज केला आणि पाणी धो धो यायला लागलं. अर्धा तास येतं आमच्याकडे, जेमतेम. मी मागे बघितलं. हंडे जिथल्या तिथे होते. हंड्यावर पाणी पडलं की शिंतोडे उडतात आणि गणपती तिथेच होता, हातभर अंतरावर. रांगेतल्या पहिल्या बाईने पदराचा बोळा करून नळाच्या तोंडात धरला, धार त्यातून आवाज न करता गटारात जाऊ लागली.

"अहो, पाणी जाईल," मी कुजबुजले.

"जाऊ दी," ती म्हणाली.

बाबांनी ब्रश परत रंगात बुडवला.